मान वर करून पाहताना

आकाशात घरघर झाली की मान वर करणारे खूप. ते विमान कोणतं हे सांगू शकणारे थोडे. जिते गावातला मी त्या थोड्यांपैकी एक.

छंद तसा साधा आहे. आधी आवाज, मग आकार. लढाऊ विमानाच्या शेपटीला दोन उभे पंख दिसले, तर ते सुखोई-३० किंवा मिग-२९. आपल्या सुखोईला मुख्य पंखांपुढे आणखी दोन छोटे पंख असतात, मिगला नसतात. झाली ओळख!

महाराष्ट्रात या छंदाला खुराक भरपूर. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात मिग-२१ बांधली गेली, पुढे सुखोई. पुण्याच्या लोहगावला सुखोईंचा तळ. आमच्या जवळच, ११ ऑक्टोबर २०२४ रोजी नवी मुंबईच्या नव्या धावपट्टीवर हवाई दलाचं सी-२९५ उतरलं आणि सुखोई वरून सुसाटत गेलं. मिग-२१ मात्र २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झालं. आता ते छांदिष्टांच्या वह्यांतच उडतं.

पण भान हवं. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमध्ये १२ ब्रिटिश आणि २ डच छांदिष्टांना हेरगिरीच्या संशयावरून अटक झाली. पुढल्या एप्रिलमध्ये शिक्षा झाली. अपिलात निर्दोष सुटायला नोव्हेंबर उजाडला. वर्षभराचा मनस्ताप, तो वहीतल्या नोंदींपायी!

म्हणून तरुण मित्रांना सांगतो, तळाच्या कुंपणापाशी कॅमेरा काढू नका. फोटो हवेत तर हवाई दलाच्या जाहीर प्रात्यक्षिकांना जा. विमानांच्या हालचाली चारचौघांत सांगत फिरू नका. आपल्या गच्चीवरचं आकाश पुष्कळ मोठं आहे.