धक्क्यावरचा गळ

मूर्तिजापूर आणि समुद्र हीं दोन नांवें एकाच वाक्यांत ऐकून श्रोत्यांना थोडें नवल वाटेल. मुंबईहून निघालेली आगगाडी सहाशेंहून अधिक किलोमीटर धांवल्यावर हें जंक्शन लागतें. तेथें ना लाटा, ना वाळू, ना नारळीच्या बागा. तथापि ह्या भूमीचें समुद्राशीं कांहींच नातें नाहीं, असें मात्र नव्हे. तालुक्यांत पडलेला पाऊस पूर्णेला मिळतो, पूर्णा चांगदेवाजवळ तापीला मिळते, आणि तापी सुरतेच्या पुढें अरबी समुद्रांत शिरते. पूर्णेच्या खोऱ्यांतील विहिरींचें पाणी तर इतकें खारट, कीं ह्या पट्ट्याला खारपाणपट्टा असेंच नांव पडलें आहे. १८६७ सालीं मुंबई-नागपूर लोहमार्ग पुरा झाला आणि वऱ्हाडचा कापूस बंदराकडे धांवूं लागला. पुढें अचलपूर आणि यवतमाळ येथून अरुंद रुळांच्या गाडीनें आलेल्या गांठी मूर्तिजापुरासच मोठ्या गाडींत चढत. १८७५ सालीं कुलाब्यास बांधलेला ससून डॉकहि कापसाच्या व्यापारासाठींच होता. आज तेथें गांठी दिसत नाहींत. मासळीच्या पाट्या दिसतात.

अशा ह्या मूर्तिजापुराकडील एखादा गृहस्थ, ज्याचें बालपण पूर्णेच्या डोहावर गळ टाकण्यांत गेलें, तो सुटींत किनाऱ्यावर गेला आहे अशी कल्पना करावी. भाऊच्या धक्क्यावर लाँचेंत बसून तो रेवसला उतरतो. हातांत काठी आहे, डब्यांत कोळंबी आहे, आणि मनांत दोन किलोंचा एक मरळ आहे. आजवर त्याच्या गळाला लागलेला सर्वांत मोठा मासा तोच.

धक्क्यावर बसतांच त्याचें पहिलें अज्ञान उघडें पडतें. नदीचें पाणी एकाच दिशेनें जातें. येथील पाणी येतें आणि जातें. दिवसांतून दोनदां भरती, दोनदां ओहोटी; आणि आजची भरती ज्या वेळीं आली त्याहून उद्यांची सुमारें पन्नास मिनिटें उशिरा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण येतें, तेव्हां मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी चार मीटरांहून अधिक चढतें-उतरतें. अष्टमीच्या आसपास भांगाचें पाणी मंद असतें. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ स्थूलमानानें मिळते, असा किनाऱ्यावरील जुना ठोकताळा आहे. अष्टमीस सहाच्या सुमारास, पौर्णिमेस बाराच्या सुमारास. घरांतील पंचांग केवळ मुहूर्तासाठींच उपयोगी पडतें असें नाहीं!

पाणी वळूं लागलें, कीं लहान मासे आणि कोळंबी प्रवाहाबरोबर धक्क्याच्या खांबांपाशीं येतात, आणि त्यांच्या मागोमाग खांबांच्या सावलींत दबा धरणारा जिताडा येतो. रायगडच्या किनाऱ्यावर ह्या माशाची थोरवी सांगावी लागत नाहीं. तेथील खारेपाटांत घराजवळच्या तळ्यांत जिताड्याचीं पिल्लें सोडून वाढविण्याची रीत आहे. समुद्राच्या खाऱ्या पाण्यांत जन्मावें, खाडींतून गोड्या पाण्याकडे चढावें आणि वंशवृद्धीसाठीं पुन्हां खाऱ्या पाण्याकडे उतरावें, असा ह्या माशाचा जीवनक्रम.

जिताडा आमिषावर तुटून पडतो. गळ टोंचतांच तो पाण्याबाहेर उसळी घेतो, डोकें झाडतो आणि खांबांकडे धांव घेतो. खांबांना कालवांचे थर असतात. त्यांच्या धारेवर दोरा घांसला, कीं तुटलाच. त्याच्या कल्ल्यांवरील झांकणहि धारदार असतें. म्हणून केवळ बळानें येथें भागत नाहीं. त्यानें ओढलें असतां द्यावें, तो थांबला असतां घ्यावें, आणि खांबाकडे वळला असतां मात्र मुळींच देऊं नये. शेवटीं मासा दमून कुशीवर आला, तरी धक्का उंच असतो. पाण्यांत माशाचें वजन भासत नाहीं; हवेंत तें सारें दोऱ्यावर येतें. म्हणून दोरीला बांधलेली गोल जाळी खालीं सोडून तींत त्याला घ्यावें लागतें. अनेकांचा सर्वांत मोठा मासा ह्या शेवटच्या चार हातांतच गेलेला असतो.

आमच्या गृहस्थाचा मासा सुदैवानें जाळींत आला. कांटा आठ किलो दाखवितो. गळ टाकणाऱ्यांच्या गोष्टींतील मासा पाण्याबाहेर आल्यानंतरहि वाढत राहतो, हें प्रसिद्धच आहे. परंतु तराजूपुढें ती वाढ खुंटते. ह्या छंदांत खरी स्पर्धा दुसऱ्याशीं नसते. १९४६ सालीं कावेरीच्या कबिनी ह्या उपनदींत १२० पौंडांचा महसीर गळाला लागला होता; त्यापुढें आठ किलोंचा जिताडा तो काय! पण दोन किलोंच्या मरळापुढें तो पर्वत आहे. माणसानें कालच्या स्वतःला मागें टाकावें, ह्यांतला आनंद निर्मळ आहे.

आणि नेमका येथेंच एक प्रश्न उभा राहतो. जिताडा बहुधा प्रथम नर असतो आणि वाढतां वाढतां पुढें मादी होतो. अर्थात् फार मोठा जिताडा जवळजवळ नेहमीं मादीच असतो. आणि मादी जितकी मोठी, तितकीं तिचीं अंडीं अधिक. थोर मादीच्या पोटीं तीं कोटीच्या घरांत जातात. ज्या माशाचा आपणांस सर्वांत अधिक अभिमान, त्याच्याच जाण्यानें खाडीची सर्वांत अधिक हानि! कावेरीच्या ज्या महसीराचा पराक्रम लोक सांगत आले, त्या जातीची गणना २०१८ सालीं अत्यंत संकटग्रस्त जातींत झाली. धरणें, वाळूचा उपसा आणि सुरुंग लावून केलेली मासेमारी हीं तिचीं कारणें होत. एकट्या गळाला दोष देणें अन्यायाचें ठरेल. पण जात दुबळी झाली, कीं तिची एकेक थोर मादी मोलाची होते.

कोळ्याची गोष्ट निराळी. मासळी ही त्याची भाकर आहे. तरीहि १ जून ते ३१ जुलै ह्या काळांत महाराष्ट्राच्या समुद्रांत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, आणि नारळी पौर्णिमेपूर्वीं होडी लोटूं नये हा त्याचा कायद्याहून जुना नेम आहे. ज्याची चूल माशावर अवलंबून, तो थांबतो. मग ज्याचा केवळ छंद, त्याला थांबणें जड कां जावें? मासा ओल्या हातांनीं धरावा, लांबी मोजावी, जाळीसकट वजन करावें, आणि पाण्यांत तो शेंपूट हालवूं लागेपर्यंत त्याला आधार देऊन सोडावा. मधल्या आकाराचा एखादा घरीं न्यावा. त्याचें कालवण मोठ्याहून चविष्टच होतें. सर्वांत मोठा मासा ताटांत आला नाहीं, म्हणून कांहीं तो सर्वांत मोठा असावयाचा राहत नाहीं.

सुटी संपवून हा गृहस्थ मूर्तिजापुरास परततो. पावसाळ्यांत पूर्णेच्या कांठीं शेवाळाजवळ त्याला तांबूस पिल्लांचा पुंजका वर-खालीं होतांना दिसतो, आणि त्याखालीं एक काळी पाठ. पिल्लांची राखण करणारा मरळ जागा सोडीत नाहीं. म्हणूनच तो ह्या दिवसांत सहज सांपडतो. बालपणींचा तो दोन किलोंचा मरळहि असाच सांपडला होता, हें त्याला आतां आठवतें. तो गळ गुंडाळतो आणि कांठावर बसून नुसता पाहत राहतो.