मतभेद मिटला, की प्रश्न सुटला?



या व्यासपीठावर मोठमोठ्या विद्वानांची व्याख्याने आपण ऐकली आहेत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे शिकलो ते कारखान्यात आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा विषयही आम्ही आमच्या आवाक्यातला घेतला आहे. नोकरीच्या मुलाखतीत हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात : "कामातल्या एखाद्या तांत्रिक बाबीवर दोन सहकाऱ्यांचे मत जुळेना, तेव्हा तुम्ही काय केलेत?" याला उत्तर कसे द्यावे?

प्रश्न ऐकायला सोपा. पण भली भली मुले त्यावर आपटतात. मागे एका कामगाराचा मुलगा आमच्याकडे आला. डिप्लोमा पहिल्या वर्गात, हाताला कसब. एका मुलाखतीत त्याने सांगितले, "आमच्यात मतभेद कधी झालेच नाहीत." दुसरीत सांगितले, "मी दोघांना समजावले, भांडण मिटले." दोन्हीकडून नकार. बाप म्हणाला, वशिला नाही म्हणून. आता वशिल्याचे दुखणे आपल्याकडे नाही असे आम्ही कसे म्हणू? आमचा जन्म त्याच्याशी झगडण्यात गेला. पण या खेपेस दोष उत्तराचा होता. चार जाणते हात एका यंत्राला लागले की मतभेद व्हायचेच. होत नसतील तर कोणी तरी बोलायला भीत आहे असे समजावे. आणि भांडण मिटले म्हणता. पण यंत्राचे काय झाले?

त्या मुलाला आम्ही आमच्या उमेदीच्या काळातली एक हकीगत सांगितली. कारखान्यात गरम पाण्याच्या पंपाच्या मोटारीचे बेअरिंग वरचेवर जाई. फिटर म्हणे, मोटारच खराब. इलेक्ट्रिशियन म्हणे, जोडणी वाकडी. दोघेही जुने, दोघेही आमचे सभासद, आणि गोष्ट "याला काय कळते?" इथवर गेलेली. दोघांनी आम्हांला मध्ये घातले. खरे सांगायचे तर आमचा मनातला कौल इलेक्ट्रिशियनकडे होता; का, तर तो गोड बोले आणि फिटर तापट!

आम्ही एक अट घातली. फिटरने इलेक्ट्रिशियनची बाजू मांडायची, इलेक्ट्रिशियनने फिटरची. आणि "हो, माझे म्हणणे हेच" असे ज्याचे त्याने कबूल केल्याशिवाय पुढे जायचे नाही. मग विचारले, "काय दिसले म्हणजे तुम्ही आपले मत सोडाल?" ठरले ते असे : कपलिंग सोडवून मोटार एकटीच चालवायची. थरथर राहिली तर दोष मोटारीचा, गेली तर जोडणीकडे पाहायचे. मोटार एकटी चालली ती अगदी शांत. फिटरचा चेहरा उतरला. त्याने सर्वांदेखत डायल लावून जोडणी तपासली; तर ती सरळ! मग दोघांच्याही एकदमच ध्यानात आले. माप घेतले होते थंड पंपावर. पंप तापला की धातू प्रसरण पावतो, दांडा किंचित वर उचलला जातो, आणि थंडपणी सरळ असलेली जोडणी चालताना वाकडी होते. फिटरचे माप खरे, इलेक्ट्रिशियनचा संशयही खरा. तेवढ्या वाढीचा हिशेब धरून मोटारीखाली पत्रे घातले, आणि बेअरिंग टिकले.

उत्तराचे सारे मर्म यात आहे. प्रसंग थोडक्यात सांगा. दोघांच्या बाजू अशा सांगा, की ते दोघे दाराआड उभे असते तरी त्यांनी मान डोलावली असती. कसोटी कोणती ठरली, आणि ती आधी ठरली होती का, हे सांगा. शेवटी यंत्राचे काय झाले आणि ज्याचे मत पडले तो पुढे मोकळेपणाने बोलत राहिला का, तेही सांगा. आपली भूमिकाही स्वच्छ असू द्या. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात समेट घडवणारा अधिकारी वेगळा आणि निवाडा देणारा वेगळा होता. तुम्ही त्या प्रसंगी यांतले कोण होतात? तसा प्रसंग आलाच नसेल तर नाही म्हणा, आणि उमेदवारीतला छोटा प्रसंग सांगा. बनवलेली गोष्ट दुसऱ्या उलटप्रश्नाला उघडी पडते. आणि धोका जिवाचा असेल, तर आधी यंत्र थांबवले, चर्चा मागून केली, हे सांगायला विसरू नका.

हे केवळ नोकरी मिळवण्यापुरते नाही. १९८६ च्या जानेवारीत अमेरिकेत चॅलेंजर यान उडायच्या आदल्या रात्री, त्याचे बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर सांगत होते, की इतक्या थंडीत सांध्यांतली रबरी कडी ताठर होतील, उड्डाण थांबवा. शेवटी वरिष्ठांनी इंजिनिअरांना वगळून आपसांत निर्णय केला. मतभेद मिटला! दुसऱ्या दिवशी, २८ जानेवारीला, उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान फुटले आणि आतली सातही माणसे गेली. तिथे कसोटी वस्तूची लागली नाही, खुर्चीची लागली. मुलाखत घेणारा शहाणा असेल तर त्याला हेच जाणून घ्यायचे असते : उद्या आमच्या कारखान्यात कोणी "थांबा" म्हणाले, तर हा माणूस त्याला गप्प करील, की त्याचे म्हणणे तपासून पाहील?

तो मुलगा तिसऱ्या मुलाखतीला गेला. त्याने आमची हकीगत आपली म्हणून सांगितली नाही. वर्कशॉपमध्ये एका जोडीदाराशी वाद घालून आपणच चुकलो होतो, आणि मोजून पाहिल्यावर ते कसे कबूल केले, ते त्याने सांगितले. नोकरी लागली. पुढेमागे तो साहेब होईल आणि वाटाघाटीला आमच्याच समोर, मालकाच्या बाजूने बसेल. बसो बापडा! आमची बाजू तो नीट ऐकून घेईल एवढा भरवसा आहे. आणि तेवढे झाले की निम्मी वाट सरली.