लोडरचा रॉड वाकलाय: सरळ करू की नवा घेऊ?

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे करतोय. वाळवा तालुक्यातल्या एका मुलाने पाठवलाय. ट्रॅक्टरला पुढे लोडर, काम वीटभट्टीवर माती भरायचं, आणि बकेटच्या डाव्या जॅकचा रॉड वाकलाय. सिलिंडरला आपल्याकडे सगळे जॅकच म्हणतात, त्यामुळे मीही दोन्ही शब्द वापरणार. तर तो विचारतोय, "दादा, गावातला वेल्डर गॅसवर तापवून दोन तासांत सरळ करून देतो म्हणतोय. भट्टीवाला थांबायला तयार नाही, पाच तारखेला हप्ता आहे. करू का?"

नको करू. का ते सांगतो.

रॉड चकचकीत दिसतो ना, तो हार्ड क्रोमचा थर असतो. अगदी पातळ, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायचा. रॉड वाकतो तेव्हा हा थर तडकतो. तुम्हाला दिसणार नाही, पण नखाला जाणवेल. वरून गॅसचा जाळ दिला की क्रोम सुटायला लागतो आणि आतलं पोलाद नरम पडतं. असा 'सरळ' केलेला रॉड ग्लँडमधून आत-बाहेर करताना सील कानशीसारखं घासतो. आठवड्यात ऑइल गळायला लागतं, आणि पुढच्या दणक्याला रॉड त्याच जागी पुन्हा वाकतो. म्हणजे मजुरी दोनदा, सील किट दोनदा, आणि भट्टीवाल्याचं बोलणंही दोनदा.

पण म्हणून अख्खा नवा सिलिंडर घ्यायचा का? तसंही नाही. बहुतेक वेळा बॅरल, म्हणजे बाहेरची नळी, धडधाकट असते. तेव्हा फक्त रॉड बदलायचा. हार्ड क्रोम केलेला बार तयार मिळतो. तो मापात कापून लेथवर आटे पाडायचे, जुन्या रॉडचा डोळा काढून नव्यावर वेल्ड करायचा, नवं सील किट घालायचं. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात हे काम करणारे टर्नर भरपूर आहेत. एकच अट, वेल्डिंग रॉड सुटा करून झालं पाहिजे. आत ऑइल असलेल्या बंद सिलिंडरवर कोणी वेल्डिंग करायला लागला तर तिथून उठून या. तापलेल्या ऑइलला बाहेर पडायला वाट नसते, सिलिंडर फुटतो.

आता बॅरल कसा तपासायचा? ग्लँड खोला, पिस्टन बाहेर ओढा, आत बॅटरी मारा. बारीक रेघा असतील आणि नख अडकत नसेल, तर होनिंग करून चालतं. नख अडकलं तर त्यात कितीही महागडं सील घाला, टिकणार नाही. बाहेरून पोचा आला असेल तर बॅरल गेला. यातले काही पोचे दगडाचे नसतात बरं का, पकडशेगड्यात आवळून आपल्याच फिटरने केलेले असतात. रॉडही वाकलाय आणि बॅरलही गेलाय, तर दुरुस्तीच्या नादी लागू नका. तयार सिलिंडर घ्या.

तयार घेताना दुकानदाराला "पन्नास एचपीच्या ट्रॅक्टरचा द्या" एवढंच सांगून भागत नाही. मापं घेऊन जा. आतला व्यास, रॉडची जाडी, स्ट्रोक, पूर्ण मिटलेला असताना पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंतची लांबी, पिनची जाडी आणि होजच्या आट्याचं माप. आतला व्यास सगळ्यात महत्त्वाचा. ५० मिमी बोअरचा जॅक १५० बार प्रेशरला साधारण ३ टन ढकलतो. "जरा दणकट" म्हणून कोणी ६३ मिमीचा दिला, तर तोच पंप, तेच प्रेशर, पण जोर जवळजवळ पावणेपाच टन. बाकीची फ्रेम आणि पिना त्या हिशोबाने बनवलेल्या नसतात. आणि एका बाजूला ५०, दुसऱ्या बाजूला ६३ लावलात तर बकेट पिळवटते.

मेसेज पाठवणाऱ्या मित्रा, तुला एक प्रश्न. माती भरून झाल्यावर बकेट पूर्ण उलटी करून, रिव्हर्स घेत जमीन सपाट करतोस का? माझी पैज आहे, करत असशील. तेव्हा रॉड सगळा बाहेर आलेला असतो. रॉड बाहेर जेवढा लांब, तेवढा तो वाकायला सोपा. लांबी दुप्पट झाली की ताकद चौथ्या हिश्श्यावर येते. त्यात कडेला एखादा दगड लागला की सगळा दणका एकाच जॅकवर. सपाटी करायचीच असेल तर बकेट थोडीच कलती ठेव आणि हळू घे. नाहीतर नवा रॉडही त्याच वाटेने जाईल.

अजून एक गैरसमज. भरलेलं लोडर हळूहळू खाली बसतं, लगेच सगळे म्हणतात, "जॅकचं सील गेलं." लिव्हर मध्ये असताना दोन्ही बाजूंचं ऑइल कोंडलेलं असतं. नुसतं पिस्टनचं सील गेलं तरी रॉड फारसा आत जाऊ शकत नाही, कारण रॉडने व्यापलेल्या जागेतलं ऑइल बाहेर कुठे जाणार? लोडर बसतंय म्हणजे बहुतेक वेळा लिव्हरखालचा स्पूल व्हॉल्व्ह झिजलाय. किट बदलून पैसे घालवण्याआधी तो बघा.

खोलायला बसण्याआधी बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर सगळ्या बाजूंना चार-पाच वेळा हलवून प्रेशर सोडा. वर उचललेल्या लोडरखाली कोणीही जायचं नाही, लाकडी ठोकळा लावला असला तरी. आणि लीकेज शोधायला होजवर हात फिरवायचा नाही, पुठ्ठा फिरवा. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेलं ऑइल कातडी फोडून आत जातं. बाहेर फक्त टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून पोरं हळद लावून कामाला लागतात. असं झालं तर त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं, "प्रेशरचं ऑइल आत गेलंय." ऑपरेशन करून ते काढावं लागतं. उशीर झाला तर बोट जातं, कधी हातही.

बसवताना सीलची ओठाची बाजू प्रेशरकडे. आट्यांवर टेप गुंडाळा, नाहीतर नवं सील आत सरकवतानाच कापलं जातं. जुन्या सीलचे तुकडे ऑइलमध्ये गेले असतील तर फिल्टर बदला. मग बकेट रिकामी ठेवून जॅक हळूहळू पाच-सहा वेळा पूर्ण आत-बाहेर करा, हवा निघून जाते. ऑइलची पातळी जॅक मिटलेले असताना बघायची.

तर मित्रा, आज रॉड काढ, बॅरलमध्ये बॅटरी मारून फोटो पाठव आणि मापं लिहून ठेव. भट्टीवाल्याला दोन दिवस माग. पुढच्या भागात स्पूल व्हॉल्व्ह खोलू.