वाढत जाणारी चिठ्ठी



बारामती आणि इंदापूर तालुक्यांतले डॉक्टर, मेडिकल चालवणारे, परिचारिका आणि आशाताई आज एका मांडवात बसले आहेत, तेही अंथुर्ण्यात, याचा मला मनापासून आनंद आहे. मधुमेहावरच्या परिषदा बहुधा शहरातल्या हॉटेलांत भरतात आणि तिथल्या जेवणाचा खर्च कोण उचलतं हे आपल्याला ठाऊक असतं. आजचं जेवण गावाने केलं आहे. अध्यक्षपदाचा मान दिलात, त्याबद्दल आभार मानतो आणि विषयाकडे येतो.

आपल्या भागात मधुमेहाची औषधं अनेकदा चुकीची दिली जातात. गोळी बनावट असते असं मी म्हणत नाही. गोळी चांगली असते, शुगरही उतरते. पण माणसाचं वय, त्याचं मूत्रपिंड, जेवणाची वेळ, उपास आणि खिशातले पैसे यांच्याशी त्या गोळीचा मेळ बसलेला नसतो. आणि एकदा चिठ्ठीवर चढलेली गोळी सहसा खाली उतरत नाही. औषध सुरू करण्याइतकंच ते कमी करणं आणि थांबवणं हेही आपलं काम आहे. ते आपण जवळजवळ सोडूनच दिलं आहे, हे आज मला सांगायचं आहे.

चिठ्ठी कशी वाढते ते पाहा. सत्तरीची आजी गुडघे धरून येते. कोणीतरी डेक्साचं, म्हणजे स्टेरॉइडचं, इंजेक्शन देतं, आजीला दोन दिवस बरं वाटतं. त्याच आठवड्यात शुगर तपासली जाते, ती तीनशे निघते. ग्लिमेपिराइडची पॉवर दुप्पट होते. इंजेक्शनचा असर ओसरतो, पण वाढवलेली पॉवर तशीच राहते. मग पहाटे घाम, थरथर, चक्कर. चक्करसाठी आणखी एक गोळी. दरम्यान वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू, आजी माळकरी, अंडं-मासा घरात नाही, म्हणून बी-12 आटलेलं. पायांना मुंग्या येतात. बी-12 कोणी पाहत नाही, ‘शुगरमुळे नसा गेल्या’ असं सांगून प्रीगॅबालिन सुरू होतं, त्याने आणखी गरगरतं. आजी एक दिवस न्हाणीघरात पडते आणि खुब्याचं हाड मोडतं. सुरुवात गुडघ्यापासून झाली होती! यातल्या प्रत्येक डॉक्टरला आपापल्या जागी आपलं बरोबरच वाटलेलं असतं. संपूर्ण फाईल उलगडून बघायला मात्र कोणालाच सवड झालेली नसते.

स्टेरॉइडचा विषय निघालाच आहे तर 2021 साल आठवा. कोविडमध्ये सढळ हाताने दिलेलं स्टेरॉइड आणि ताब्यात नसलेली शुगर यांतून म्युकरमायकोसिस उसळला. महाराष्ट्रात कितीतरी जणांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले. तो धडा आपण कोविडच्या कपाटात बंद करून टाकला. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांतून तेच स्टेरॉइड आजही घरोघरी जातं. शुगर अचानक चढली की नवी गोळी लिहिण्याआधी ‘गेल्या पंधरा दिवसांत कुठं सुई घेतली का, पुडी खाल्ली का’ एवढं तरी विचारा.

आता वारीकडे येतो. तुकोबांची पालखी दरवर्षी याच रस्त्याने जाते. बेलवाडीचं रिंगण झालं की लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी असा सोहळा इंदापूरकडे सरकतो. अशाच एका वर्षी रस्त्याकडेला एक वारकरी बसले होते. अंग घामाने निथळत होतं, बोलणं बरळल्यासारखं. लोक म्हणाले, ऊन लागलं. बरोबरच्या एका माउलीने शहाणपणाने गुळाचा खडा तोंडात दिला. वीस मिनिटं झाली तरी फरक नाही. ग्लुकोमीटरवर शुगर निघाली 41. पिशवीत गोळीची पट्टी होती, तीन औषधांची एकत्र: ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोस. व्होग्लिबोस आतड्यात साखर फुटू देत नाही, म्हणून गूळ किंवा साखर दिली तरी रक्तात लवकर उतरत नाही. तिथे ग्लुकोजच लागतं, तोंडाने किंवा शिरेतून. ही गोष्ट गोळी लिहिणाऱ्याने सांगितली नव्हती आणि देणाऱ्यानेही नाही. ग्लुकोज दिल्यावर ते सावरले, पण ग्लिमेपिराइडचा असर लांबतो, शुगर पुन्हा घसरू शकते, म्हणून रात्रभर ठेवून घ्यावं लागलं. घरी दोन वेळ भाकरी खाऊन घेण्याचा डोस, तोच रोज पंधरा-वीस किलोमीटर चालताना, मिळेल तेव्हा मिळेल ते खाताना. डोस कमी करायचा असतो हे त्यांना माहीत असायचं कारणच नव्हतं. ते आपल्याला माहीत होतं.

जे वारीचं तेच एकादशीचं, चतुर्थीचं, नवरात्राचं. चिठ्ठीवर आपण ‘जेवणाआधी’ लिहितो. ज्या दिवशी जेवणच नाही त्या दिवशी काय, हे लिहीत नाही. आणि साबुदाण्याची खिचडी खाल्लेल्या उपासाच्या दुपारी शुगर तपासून पॉवर वाढवणं, हेही आपल्याकडे घडतं.

तीन-तीन औषधं एकात घालण्याची सोय रुग्णाला स्वस्त पडते, लक्षात ठेवायला सोपी जाते, हे मी नाकारत नाही. पण त्यातलं एक कमी करायचं म्हटलं तर करता येत नाही. केंद्र सरकारने मार्च 2016 मध्ये 344 मिश्रणांवर बंदी घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, फेरतपासणी झाली आणि सप्टेंबर 2018 मध्ये 328 मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. त्यांत मधुमेहाचीही होती. मधुमेहाच्याच पायोग्लिटाझोन या गोळीवर 2013 च्या जूनमध्ये बंदी आली आणि जुलैअखेर उठली, मूत्राशयाच्या कर्करोगाचा ठळक इशारा छापण्याच्या अटीवर. तो इशारा औषधाच्या माहितीपत्रकावर आहे. रुग्णाच्या कानावर किती वेळा गेला? त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत ग्लिबेनक्लामाइडच्या जागी ग्लिक्लाझाइड घेतलं आणि साठीपुढच्यांना ग्लिबेनक्लामाइड योग्य नाही असं नोंदवलं. खेड्यातल्या म्हाताऱ्यांच्या पिशवीत ते मला त्यानंतरही सापडत राहिलं.

नव्या औषधांबद्दल माझी तक्रार नाही. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट 2020 मध्ये संपलं, किंमत उतरली, हृदय आणि मूत्रपिंड दुबळं असलेल्यांना त्याचा मोठा लाभ आहे. पण ते लघवीवाटे साखर आणि पाणी काढतं. दसऱ्यानंतर बीडकडून ऊसतोडीला आलेला, पहाटे फडात उतरणारा, अंगावर मांस नसलेला चाळिशीचा माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याच्या शरीरात इन्सुलिनच कमी असेल, तर ही गोळी त्याला कीटोॲसिडोसिसमध्ये नेऊ शकते. त्या वेळी शुगर दोनशेच्या आसपासच दिसल्याने निदानही चुकतं.

आणि आपल्याकडे असे सडपातळ रुग्ण थोडे नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली 3.5 किलोची. पण आपल्या बारीक बाळांत स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून. तरुणपणी मधुमेह झालेल्या पुण्यातल्या रुग्णांवरचा त्यांच्या गटाचा अभ्यास 2022 मध्ये आला. त्यात निम्म्याहून अधिक जणांत मुख्य दोष इन्सुलिनच्या तुटवड्याचा होता. लठ्ठ गोऱ्या माणसाला समोर ठेवून केलेली मार्गदर्शक पत्रकं आपण डोळे मिटून उतरवून घेतो, तेव्हा आपल्याकडच्या या सडपातळ माणसाला इन्सुलिन मिळायला वर्षं लागतात. जास्त औषध देणं जसं चुकीचं, तसं योग्य औषध टाळत राहणंही चुकीचं.

शुगर जितकी खाली तितकं चांगलं, हा समज 2008 मध्येच मोडायला हवा होता. अमेरिका आणि कॅनडातल्या ‘ॲकॉर्ड’ चाचणीत दहा हजारांवर रुग्ण होते. एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, सहाच्या खाली आणण्याचा जोर लावलेल्या गटात मृत्यू जास्त झाले, 203 च्या तुलनेत 257, आणि ते उपचार मुदतीआधी थांबवावे लागले. ऐंशीच्या आजोबांचा आकडा साडेसात-आठ असेल आणि ते शेतावर फेरी मारून येत असतील, तर त्यांना तसंच राहू द्या. रक्त कमी असलेल्या बाईचा एचबीए1सी लोहाच्या कमतरतेनेच वर दिसू शकतो. तिला आधी लोहाची गोळी द्या.

मेडिकलवाल्या मित्रांना एक विनंती. जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं गोळ्या जातात, हे तुमच्याइतकं कोणी जवळून पाहत नाही. सहा महिन्यांहून जुनी चिठ्ठी दिसली तर माणसाला परत पाठवा, गिऱ्हाईक तुटेल ही भीती बाजूला ठेवून. आशाताईंनी घरी गेल्यावर गोळ्यांची पिशवी उघडायला सांगावी. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दोनदा घेणारी माणसं तिथेच सापडतात. आणि डॉक्टरांनी वर्षातून एकदा क्रिएटिनिन करून, वय धरून ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा आकडा, काढावा. वाळलेल्या म्हाताऱ्याचं क्रिएटिनिन नॉर्मल दिसतं आणि मूत्रपिंड अर्ध्यावर आलेलं असतं. ईजीएफआर 30 च्या खाली गेला की मेटफॉर्मिन बंद, 45 च्या खाली निम्मं.

ज्येष्ठ लागला की आपापल्या वारकरी रुग्णांना बोलावून घ्या, वाटेवरचा डोस वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, आणि खिशात ग्लुकोजची पुडी. दुपारच्या सत्रासाठी प्रत्येकाला रुग्णाचं नाव झाकून एक जुनी चिठ्ठी आणायला सांगितलं होतं. जेवणानंतर त्या टेबलावर मांडू आणि प्रत्येकीतलं काय काढता येईल ते मिळून ठरवू.