पिंपळाचं पान
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सकाळपासून प्रत्येक जण विचारतोय, "तू नक्की करतोस काय?" खरं सांगू? सातवीत बाईंनी शिकवलं, तेच करतो.

आठवतं? आलेखाच्या कागदावर पिंपळाचं पान ठेवून क्षेत्रफळ काढायचं होतं. अर्ध्याहून जास्त भरलेला चौकोन धरायचा, कमी भरलेला सोडायचा. मी पान जरासं सरकवलं, तर उत्तर बदललं! घाबरून मी शेजारच्याचं उत्तर उतरवलं. बाईंनी पकडलं, पण रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पान तेवढंच आहे ना? मग चौकोन लहान घे."

आता माझं काम. वॉल्टर कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४-६५ साली दाखवलं, की पदार्थाची ऊर्जा इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून काढता येते. त्यासाठी कोन यांना १९९८ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ही घनता काढायला आम्ही स्फटिकाच्या तुकड्यावर बिंदूंची त्रिमितीय जाळी टाकतो आणि शेजारशेजारच्या बिंदूंवरच्या किमतींतल्या फरकांवरून समीकरणं सोडवतो. प्रत्येक बाजूला १०० बिंदू घेतले, तर एकूण १० लाख होतात. अंतर निम्मं केलं, की ८० लाख! म्हणून जाळी विरळ ठेवायचा मोह होतो.

मलाही झाला. सिलिकॉनमधून लिथियमचा अणू सरकवताना वाटेत ऊर्जेचा छोटा खड्डा दिसला. अणूला थांबायची नवी जागा सापडली, असं मी लिहूनही टाकलं. शोधनिबंध पाठवायच्या आदल्या रात्री ते पान आठवलं. मी अख्खा स्फटिक जाळीवर अर्धं घर सरकवून पाहिला. ऊर्जा बदलायचं काहीच कारण नव्हतं. पण ती बदलली. दोन दिवसांनी बारीक जाळीचं उत्तर आलं. खड्डा नाहीसा झाला होता. तो सिलिकॉनमध्ये नव्हताच, माझ्या जाळीत होता. अणू सरकेल तशी ऊर्जा अंड्यांच्या ट्रेसारखी खालीवर होते, म्हणून या दोषाला नावही त्याच ट्रेचं आहे.

मार्गदर्शकांना सगळं सांगितलं. आठ महिन्यांचं काम बाजूला ठेवावं लागलं. वाईट वाटलं, पण या वेळी शेजाऱ्याचं उत्तर उतरवलं नाही.

बाई, तुम्ही आज समोर बसला आहात. चौकोन लहान घ्यायला मला थोडा उशीर झाला. पण घेतला.