दहशतवाद शिकवावा कसा?

(रामटेक येथे शिक्षकांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



नागरिकशास्त्राच्या तासाला एखादा विद्यार्थी विचारतो, ‘सर, नक्षलवादी म्हणजे दहशतवादी का?’ आणि आपण घड्याळाकडे पाहतो. नोकरीची काळजी असते, हे मी जाणतो. पण आपण टाळलेल्या प्रश्नाचे उत्तर मुलांना चौकात मिळते, आणि ते बहुधा कोणाच्या तरी द्वेषाने भरलेले असते.

गडचिरोलीपासूनच सुरुवात करावी. १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याजवळ माओवाद्यांनी सुरुंग उडविला. १५ पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा चालक ठार झाले. क्रांतीच्या नावाने या हत्येचे समर्थन करणाऱ्याशी समाजवाद्यांचे नाते असू शकत नाही, हे वर्गात निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे.

परंतु धडा येथे थांबविला तर तो अर्धाच राहील. त्याच जिल्ह्यातील पांडू नरोटे या आदिवासी तरुणाला २०१३ साली अटक झाली. प्रा. जी. एन. साईबाबा यांच्यासह २०१७ मध्ये त्याला जन्मठेप झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये तो कैदेतच मरण पावला. दोन महिन्यांच्या आत नागपूर खंडपीठाने सर्वांना दोषमुक्त केले. सर्वोच्च न्यायालयाने फेरसुनावणी करविली. ५ मार्च २०२४ रोजी खंडपीठाने पुन्हा सर्वांना निर्दोष ठरविले. त्यानंतर सातच महिन्यांनी साईबाबाही गेले. हा निकाल रामटेकपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर लागला आहे!

हे घडले कसे? टाडा १९९५ मध्ये संपला, पोटा २००४ मध्ये रद्द झाला. मात्र त्यांच्या कठोर तरतुदी २००४ व २००८ च्या दुरुस्त्यांनी १९६७ च्या बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात शिरल्या. जामीन दुर्मीळ झाला, आणि खटल्याचा कालावधी हीच शिक्षा ठरू लागली.

‘दहशतवादी’प्रमाणेच ‘घुसखोर’ हा शब्दही पुराव्यावाचून फेकला जातो. गडचिरोलीतच मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे शासनाने जमिनी देऊन वसविली. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने मात्र आश्रयाला धर्माची अट घातली. जीव घेऊन पळालेल्या माणसाला निर्वासित म्हणावे की घुसखोर, हे त्याच्या धर्मावरून ठरवावे का? मुलांना वाद घालू द्या. आपले मत शेवटी सांगा, पण लपवू नका.

मार्च २०२४ चा निकाल इंग्रजीत आहे, लांब आहे. कोणी तरी दोन रात्री बसून त्यातील चार पाने मराठीत उतरवावीत. प्रती काढण्याचा खर्च आपण वर्गणीने भागवू. पुढील बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या वर्गात निघालेले प्रश्न लिहून आणावेत.