ब्रेक लागतो, पण सुटत नाही



जुनी मोटारसायकल घेणारा ब्रेक कसा तपासतो? गाडी थोडी पळवतो, पुढचा लिव्हर दाबतो आणि गाडी थांबली की समाधानाने मान डोलावतो. लिव्हर सोडल्यावर चाक मोकळं झालं की नाही, हे मात्र सहसा कोणी पाहत नाही. मग काही दिवसांत गाडी ढकलायला जड लागते, मायलेज घसरतं आणि डिस्क तापू लागते.

१९६९ साली होंडाची सीबी ७५० पुढे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक घेऊन आली. आपल्या रस्त्यांवर तो रुळला पुढे हीरो होंडा सीबीझेड आणि बजाज पल्सरच्या काळात. ड्रम ब्रेकमध्ये लायनर मागे ओढायला स्प्रिंग असते. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमध्ये तशी स्प्रिंग नसते. तिथे पिस्टनभोवतीचं चौकोनी काटछेदाचं रबरी सील लिव्हर दाबताना किंचित पिळतं आणि दाब जाताच सरळ होत पिस्टनला मागे घेतं. हे मागे येणं मिलिमीटरच्या अंशाएवढंच. त्यामुळे पॅड हलके घासल्याचा आवाज आला तरी बिघडत नाही. चाक हाताने सहज फिरलं पाहिजे.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. वर्षानुवर्षं ते बदललं नाही, तर सीलच्या खाचेत गंज आणि खर साचते, सील पिस्टनला आवळतं आणि पॅड डिस्कला चिकटून राहतात.

दुसरी अडचण वर, मास्टर सिलिंडरमध्ये. लिव्हर सोडल्यावर ऑइल टाकीत परतण्यासाठी तिथे सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं. ते गाळाने बुजलं, की तापून फुगलेल्या ऑइलला वाट उरत नाही. ते पॅडच दाबतं, पॅड आणखी तापतात. थंड असताना ठीक आणि दहा किलोमीटरनंतर जाम होणाऱ्या गाडीत पहिला संशय इथेच घ्यावा. बाजारातून बसवलेला लिव्हर पिस्टनला सतत रेटत असेल, तरी हेच छिद्र झाकलेलं राहतं. म्हणून आधी लिव्हरचा मोकळा प्ले तपासावा. त्याला पैसे पडत नाहीत.

आता निदान. पुढचं चाक उचलून गाडीला भक्कम आधार द्यावा. लिव्हर दाबून सोडावा. चाक अडलं, तर कॅलिपरच्या ब्लीडिंग निपलला नळी लावून तो किंचित सैल करावा. ऑइल उडालं आणि चाक सुटलं, तर दाब अडकला होता. दोष वरच्या बाजूला. काहीच फरक पडला नाही, तर पिस्टन किंवा कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकल्या आहेत. पिना सुकल्या असतील, तर दोनपैकी एक पॅड जास्त झिजलेलं सापडतं.

दाब अडकला असेल, तर ब्रेक पुन्हा जाम होऊ द्यावा आणि फडकं धरून मास्टर सिलिंडरवरचा होजचा बोल्ट सैल करावा. चाक सुटलं, तर दोष मास्टर सिलिंडरचा. सुटलं नाही, तर होज आतून फुगला आहे. तो बदलावा.

सील पेट्रोलने धुऊ नयेत, त्यांना इंजिन ऑइलही लावू नये. त्याने रबर फुगतं. जोडणीला ताजं ब्रेक ऑइल पुरतं. कोरड्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावरच्या चाचणीसाठी ही मर्यादा १५५ आहे.

काम झाल्यावर हवा काढून लिव्हर घट्ट लागतो ना, हे पाहावं. मग रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगात, फक्त मागचा ब्रेक वापरून दोन किलोमीटर जावं आणि डिस्कवर पाण्याचे दोन थेंब टाकावेत. ते चुरचुरले, तर कॅलिपर पुन्हा उघडावा लागेल.